शिकाऊ पोराने टीकिंटरला हात लावावा की थेट वेबकडे जावं?

काट्यावरचा

भाचा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथनचा पेपर झाला, मार्कही बरे पडले, पण काळ्या स्क्रीनवर "एंटर युवर नेम" विचारण्यापलीकडे गाडी गेलेली नाही. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "मामा, विंडोवाला प्रोग्राम कसा करतात?" मी त्याला टीकिंटर, म्हणजे पायथनमध्ये विंडो आणि बटणं करायचं साधन, उघडून दिलं. विंडोजवर ते पायथनबरोबर आपोआप येतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. संध्याकाळी त्याच्या पुण्यातल्या मित्राचा फोन आला, डेस्कटॉप प्रोग्राम शिकणं म्हणजे मेल्या म्हशीला मणभर दूध. पोरगं तेव्हापासून गोंधळलंय, म्हणून हा धागा.

माझी पार्श्वभूमी सांगतो. मी इंजिनिअर नाही, बी.कॉम. आहे. घरचं दूध संकलन केंद्र आहे. लॉकडाउनमध्ये टीकिंटर शिकून आमच्या केंद्रापुरता पावतीचा प्रोग्राम लिहिला, तो आजही चालतो. सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) टाकायचं. गाईचं दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जो दर, त्याच्या खाली-वर दरपत्रकाप्रमाणे हिशोब होतो आणि पावती छापली जाते. डेटा एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये. बॅकअप म्हणजे ती फाइल पेनड्राइव्हवर टाकायची आणि पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवायचा. (हसू नका, घरात तेवढी एकच जागा आहे जिथे कोणी उचकापाचक करत नाही.)

काळ्या स्क्रीनचा प्रोग्राम आपण म्हणू त्या क्रमाने चालतो. आधी नाव विचारतो, मग वय. विंडो उघडली की सूत्रं समोरच्याच्या हातात जातात. तो आधी फॅट टाकेल, मध्येच खिडकी बंद करेल, एकच बटण तीनदा दाबेल. प्रोग्रामने नुसतं वाट बघत बसायचं आणि जे घडेल त्याला उत्तर द्यायचं. मेनलूप म्हणतात ते हेच. भाच्याने पहिल्याच दिवशी बटणाच्या कमांडपुढे फंक्शनचं नाव कंसासकट लिहिलं. विंडो उघडतानाच फंक्शन चालून मोकळं झालं आणि नंतर बटण दाबलं तर ढिम्म. "मी आत्ता कर म्हटलं की दाबल्यावर कर म्हटलं?" हा फरक त्याला त्या दोन कंसांनी शिकवला.

माझी पहिली मोठी चूक त्याहून महाग पडली. वजनकाटा सिरियल पोर्टने (अशी यंत्रं पीसीला जोडायची जुनी खाच) जोडला आणि वजन वाचायला एक व्हाइल लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, टाकला. घरी वाडग्यात पाणी ठेवून तपासलं, उत्तम. सकाळी सहाला रांग लागली, काट्यावर किटली ठेवली आणि विंडो पांढरी पडली. वर "नॉट रिस्पॉन्डिंग". लूप काट्याची वाट बघतोय, त्यामुळे बटणांकडे बघायला कोणीच नाही! त्या दिवशी ऐंशी सभासदांच्या पावत्या वडलांनी हाताने लिहिल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग काटा वाचायचं काम वेगळ्या थ्रेडला (विंडोच्या बरोबरीने चालणाऱ्या दुसऱ्या कामगाराला म्हणा) दिलं, वाचलेलं वजन रांगेत टाकायचं आणि विंडोने दर १०० मिलिसेकंदांनी रांगेत डोकावायचं असं केलं. "इतक्या वेळाने हे कर" असं सांगणारी आफ्टर नावाची सोय त्यासाठीच आहे.

तर माझं म्हणणं: पहिलं शिक्षण इथेच व्हावं. एक भाषा, एक फाइल, एक विंडो. वेब नंतर.

ढगातला

दादा, किस्सा भारी. निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

मेनलूप शिकायला टीकिंटरच कशाला? ब्राउझरमध्ये तेच आहे. बटणाला फंक्शन बांधा, क्लिक झालं की चालेल. तुमचं आफ्टर तिथे सेटटाइमआउट. आणि कंसांची चूक तिथेही हुबेहूब होते, मी स्वतः केली आहे. मग तीच गोष्ट अशा ठिकाणी का शिकू नये जिथे पुढे नोकरी आहे? हिंजवडीतल्या मुलाखतीत "ग्रिड आणि पॅक (टीकिंटरमध्ये बटणं-खोके मांडायच्या दोन पद्धती) यांत फरक काय" असं मला एकदाही कोणी विचारलेलं नाही.

दुसरं म्हणजे वाटप. भाच्याचा मित्र म्हणेल, "मलाही दे." मग पायइन्स्टॉलर लावून एक्सई, म्हणजे पायथन नसलेल्या मशीनवरही चालणारी फाइल, करा. ती उघडायला रेंगाळते, कारण एका फाइलवाली एक्सई दर वेळी आधी सगळं सामान टेम्प फोल्डरमध्ये काढून मांडते. त्यात अँटिव्हायरसला संशय आला की फाइल गायब. पोरगं म्हणणार, "माझा प्रोग्राम व्हायरस आहे?" वेबपेजला लिंक पाठवली की काम झालं.

काट्यावरचा

लिंक पाठवली की कुणाच्या तरी सर्व्हरचं भाडंही आलं. आणि आमच्याकडे सकाळी सहाला रेंज असेलच याची खात्री महावितरणच्या विजेइतकीच.

ढगातला

लोकलहोस्टला, म्हणजे आपल्याच मशीनवरच्या सर्व्हरला, इंटरनेट लागत नाही, दादा. फ्लास्क (पायथनमध्ये छोटा वेब सर्व्हर करायचं साधन) त्याच मशीनवर चालवा, ब्राउझर फक्त तोंड. आणि सिरियल पोर्ट म्हणाल तर क्रोमला २०२१ पासून तोही वाचता येतो, ८९ व्या आवृत्तीपासून.

काट्यावरचा

हे क्रोमचं मला ठाऊक नव्हतं. मुद्दा तुमचा. पण मग पोराने पायथन, पानाच्या मजकुराला एचटीएमएल, रूपाला सीएसएस, हालचालीला जावास्क्रिप्ट आणि ब्राउझर-पायथनमधला निरोप्या असं सगळं एकदम शिकायचं? चूक झाली तर ती पाचपैकी कोणत्या घरात झाली हे शोधण्यातच सुट्टी संपेल.

व्हीबीचा पेन्शनर

तुम्ही दोघं पोरं उगाच भांडताय. १९९८ साली व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक) आलं तेव्हा आम्ही टेक्स्टबॉक्स माऊसने उचलायचो, फॉर्मवर ठेवायचो, डबल क्लिक करून कोड लिहायचो. दुपारी जेवायच्या आत मास्टर एंट्रीचा फॉर्म तयार! तुमच्या टीकिंटरमध्ये बटण दोन बोटं डावीकडे सरकवायचं तर कोड बदला, चालवा, बघा, पुन्हा बदला. ह्याला प्रगती म्हणायचं?

मी एका पतसंस्थेला लिहून दिलेलं पॅकेज अजून चालू आहे. मायक्रोसॉफ्टने व्हीबी ६ च्या एडिटरचा पाठिंबा २००८ लाच काढून घेतला, पण लिहून ठेवलेले प्रोग्राम नव्या विंडोजवरही पळतात. भाच्याला लाझारस द्या. फुकट आहे, भाषा पास्कल आहे, जुन्या डेल्फीसारखंच माऊसने उचलून ठेवायचं. आणि एक्सई खरी एक्सई निघते, सामान काढून मांडणारी नव्हे.

खडू-फळा

काकांना विचारायचं होतं, त्या पॅकेजमध्ये आता बदल कोण करतं?

व्हीबीचा पेन्शनर

मीच. कारण त्यात टेक्स्ट१ पासून टेक्स्ट४७ पर्यंत खोके आहेत आणि कोणत्या खोक्यात काय हे फक्त मला माहीत आहे. कमांड१ च्या क्लिकमध्ये व्याजाचा अख्खा हिशोब आहे, नऊशे ओळी. बाई, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

खडू-फळा

मुद्दाम ठेवलं, राग नसावा. मी पॉलिटेक्निकला शिकवते. आमच्या मुलांना अॅडव्हान्स जावात एडब्ल्यूटी आणि स्विंग ही विंडो करायची साधनं आहेत. बॉर्डर लेआउट ह्या मांडणीच्या पाच जागा (उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य) झोपेत उठवलं तरी म्हणतात. पण विंडो मोठी केली की मधला भागच का फुगतो, हे विचारलं की वर्ग खिडकीबाहेर बघतो. खऱ्याखुऱ्या.

माऊसने उचलून ठेवण्याच्या मी विरोधात नाही, पण पहिल्या आठवड्यात नको. त्यात मुलं विंडो म्हणजे चित्र समजतात. चित्र एका आकाराचं असतं. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अक्षरं मोठी असली की लेबल कापलं जातं, जतनचं बटण कडेबाहेर जातं. टीकिंटरच्या ग्रिडमध्ये "जागा उरली तर ती कोणत्या रकान्याला द्यायची" हे लिहून सांगावं लागतं. रकान्याचं वेट (उरलेल्या जागेतला वाटा) शून्य ठेवलं तर तो रकाना हलत नाही. ते लिहिताना डोकं वापरावंच लागतं. मी मुलांना आधी कागदावर रकाने आखायला लावते. कुरकुरतात, पण ग्रिड आणि पॅक एकाच चौकटीत मिसळून एरर आणणं तरी थांबतं.

तेव्हा मी काट्यावरच्यांच्या बाजूने. वेबवर हेच शिकायला सीएसएस लागतं आणि सीएसएस शिकवताना माझा रक्तदाब वाढतो.

नुसताच वाचक

वाचतोय. ऐंशी पावत्या हाताने लिहिणाऱ्या वडलांना सलाम.

श्टुटगार्टकर

उशिरा आले. मी गेली नऊ वर्षं क्यूटी ह्या टूलकिटवर (टीकिंटरसारखंच विंडो करायचं साधन) काम करते, गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीन. "डेस्कटॉप टूलकिट मेलं" म्हणणाऱ्यांनी एकदा नव्या गाडीत बसून बघावं. क्यूटी १९९५ मध्ये नॉर्वेच्या दोघांनी बाहेर काढलं आणि आज ते डेस्कटॉप सोडून कुठल्या कुठे पोचलंय.

पण टीकिंटर नको म्हणेन, आणि कारण मराठी आहे. दादा, तुमच्या पावतीवर सभासदाचं नाव देवनागरीत आहे का? आणि प्रोग्राम लिनक्सवर चालवून बघितलाय?

काट्यावरचा

ताई, तुम्ही आमच्या केंद्रात येऊन गेलात की काय!

गेल्या वर्षी जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं. उघडतो तर "शिंदे"ची वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसलेली. क्षीरसागरांचा क पाय मोडून एकटा, ष शेजारी वेगळा उभा. क्षीरसागर आण्णा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "माझं नाव फोडलंस का रे?" विंडोजवर हाच प्रोग्राम नीट दिसायचा.

श्टुटगार्टकर

तेच. टीकिंटरच्या पोटातलं टीके ८.६ लिनक्सवर अक्षरं एकेक करून ओळीने मांडतं. जोडाक्षर जुळवणं, वेलांटी आधी आणणं हे काम करणारा थर तिथे नाही. विंडोजवर ते काम विंडोज स्वतः करतं म्हणून तुम्हाला कळलं नाही. तो थर क्यूटीत आहे, हार्फबझ; जीटीके ह्या दुसऱ्या टूलकिटमध्ये पँगो. तिथे शिंदे शिंदेच राहतात. मराठी मुलाने पहिल्या विंडोत स्वतःचं नाव लिहिलं आणि ते मोडकं दिसलं, तर कसलं शिक्षण?

पायथनमधून क्यूटी वापरायला पायसाइड घ्या. त्याचा परवाना एलजीपीएल, म्हणजे जरा सैल, आहे. त्याच कामाचं पायक्यूटी घेतलंत आणि प्रोग्राम विकायचा झाला तर जीपीएल तरी पाळा, म्हणजे आपलाही कोड खुला ठेवा, नाहीतर पैसे मोजा. दोन्ही दिसायला जुळी भावंडं आहेत, म्हणून आधीच सांगते.

ढगातला

ब्राउझरमध्येही शिंदे शिंदेच राहतात. फक्त सांगून ठेवतो.

काट्यावरचा

देवनागरीचं मान्य, शंभर टक्के. पण ताई, आमच्या केंद्रावरचा मूळ पीसी २ जीबी रॅमचा, विंडोज ७ वाला. क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं, तेही ६४ बिट. मी पायथनही त्या मशीनवर ३.८ च्या पुढे नेऊ शकलो नाही, कारण ३.९ पासून विंडोज ७ सोडून दिलंय. ढगातल्या भाऊंनाही तेच, त्या मशीनवर ब्राउझरच जुना पडलाय. टीकिंटर मात्र उघडतं. दिसतं जुनाट, मान्य. मूळ टीके १९९१ च्या आसपासचं, बर्कलीतलं. २००७ च्या ८.५ मध्ये टीटीके, म्हणजे नव्या रूपाच्या बटणांचा संच, आलं तेव्हा बटणं जरा माणसात आली. पण पायथनचं स्वतःचं आयडल एडिटर ह्याच टीकिंटरवर आहे, अगदीच टाकाऊ नाही.

ढगातला

२ जीबीचं मशीन वापरायचं की नाही हा भाच्याचा प्रश्नच नाही हो! त्याच्याकडे नवा लॅपटॉप आहे ना? तुम्ही तुमच्या केंद्राची अडचण त्याच्या अभ्यासक्रमात घुसवताय.

आणि वेबची बाजू मांडताना एक कबुली: आमच्यातले काही जण छोट्या पावतीच्या प्रोग्रामलाही इलेक्ट्रॉन लावतात, म्हणजे अख्खा क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) बरोबर बांधून देतात. शंभर-दीडशे एमबीचं ते गाठोडं तुमच्या पीसीवर टाकायला मीही सांगणार नाही.

काट्यावरचा

"केंद्राची अडचण अभ्यासक्रमात" हे लागलं. बरोबरही असेल. पण मला जे काही आलं ते त्या अडचणींमुळेच आलं. हात दुधाने ओले असतात, माऊस धरता येत नाही, म्हणून एंटर दाबला की पुढच्या खोक्यात जायला हवं. हे मला कुठल्या व्हिडिओने सांगितलं नाही, वडलांनी सांगितलं. ते केलं, लिनक्सवर गेलो तर अर्धंच चाललं. वडील नमपॅडवरचं एंटर दाबतात आणि लिनक्सवर टीके ते वेगळं बटण धरतं. विंडोजवर दोन्ही एकच. दोन ओळींची दुरुस्ती, शोधायला चार दिवस.

खडू-फळा

मग भाच्यालाही एक माणूस द्या. टूलकिट कोणतंही असो. "कॅल्क्युलेटर करा" म्हणून सांगितलं की सगळे कॅल्क्युलेटर करतात आणि कोणीच वापरत नाही.

व्हीबीचा पेन्शनर

लाझारसमध्ये देवनागरी कशी दिसते ते रात्री बघून सांगतो. आमच्या काळी नावं इंग्रजीत टाकायचो, प्रश्नच आला नाही.

काट्यावरचा

अपडेट देतो. भाच्याने ठरवलं, पायसाइड. मामाचं ऐकलं नाही, मित्राचंही नाही, श्टुटगार्टच्या ताईंचं ऐकलं. सभासद नोंदणीची विंडो केली, त्याच्या लॅपटॉपवर. क्षीरसागर नीट दिसतात. खाली बटणावर "जतन करा" लिहिलं होतं. वडील चष्मा सारून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "जतन कशाला? नोंद लिही." आता नोंद आहे.

ढगातला

नोंदच बरोबर. नमपॅडचं एंटर चालतंय का?

काट्यावरचा

नाही. क्यूटीतही ते वेगळंच बटण निघालं. बसलाय शोधत.