सांगली-मिरजेकडं स्वतःची ख्रिस्ती गाणी करणाऱ्यांनी एकमेकांना धरून कसं राहायचं?

पेटीवाली_सांगली

सलाम सगळ्यांना. मी विश्रामबागला राहते, शाळेत नोकरी आहे, आणि सहा-सात वर्षं झाली स्वतःची ख्रिस्ती गाणी लिहितीये, चाली पण माझ्याच. मागं कुठली मिनिस्ट्री, म्हणजे ख्रिस्ती सेवासंस्था नाही, कंपनी नाही. अकरा गाणी झालीत, त्यातली तीन रेकॉर्ड झाली, बाकीची पेटीवर गाऊन मोबाईलमध्ये ठेवलीयेत.

आता विषय असा की नाताळच्या दिवसांत एका कार्यक्रमाहून परत येताना मिरज स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही चौघं बसलो होतो, चौघं चार वेगळ्या चर्चचे, आणि बोलता बोलता कळलं की बाकीचे तिघंही अगदी तेच करतायत जे मी करतीये, आपापल्या घरात, एकेकटे. एकजण कुपवाडला एमआयडीसीत आहे, पाळीवरून आला की रात्री गाणी मिक्स करत बसतो पण त्याच्याकडं धड माईक नाही. दुसऱ्याकडं चांगला कंडेन्सर माईक आहे, तो वर्षातून दोनदा पिशवीतून बाहेर निघतो. तासगावची एक मुलगी व्हायोलिन वाजवते, तिला आजवर लग्नाशिवाय कुणी बोलावलंच नाही, नवीन गाण्यावर वाजव असं तिला कधी कुणी म्हटलेलं नाही. ही सगळी माणसं माझ्यापासून तासाभराच्या आत राहतात आणि मला पत्ताच नव्हता!! त्या रात्री मला झोप लागली नाही.

मागच्या वर्षी मी एक व्हॉट्सॅप ग्रुप काढून बघितला होता. आठवड्यात शंभरच्या वर लोक आले आणि महिन्याभरात तिथं नुसती सकाळची वचनं आणि कन्व्हेन्शनची पोस्टरं राहिली, एकानं गाणं टाकलं तर त्यावर बावीस हात जोडलेले आले आणि एकानंही ते पूर्ण ऐकलं नव्हतं, कारण शेवटचं कडवं अर्ध्यातच कट झालेलं होतं आणि ते कुणीच सांगितलं नाही. मला वाईट वाटलं त्या पोराचं.

दुसरं दुखणं पैशाचं. "सेवा आहे ना, मग पैसे कसले" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. जतला कार्यक्रमाला गेलो तेव्हा कीबोर्डवाल्यानं जायचा-यायचा खर्च स्वतःच्या खिशातून केला, साउंडवाल्याला आणि मांडववाल्याला मात्र रोख मिळाले. तो पोरगा पुढच्या वेळी आला नाही, आणि मी त्याला काय तोंडानं विचारू?

तर विचारायचंय की सुरुवात कुठून करू? संस्था रजिस्टर करायची का आधी? आणि "हे कुठल्या चर्चचं आहे" हा प्रश्न आला की काय सांगायचं?

मिरजेचा_ठेका

ताई, संस्था नको. एवढ्यात तर अजिबात नको. रजिस्ट्रेशनला सात माणसं लागतात, आणि त्या सातात अध्यक्ष कोण नि खजिनदार कोण यातच तुमचं पहिलं वर्ष जाईल, मी हे डोळ्यानं बघितलंय आणि त्यात माझे दोन चांगले मित्र एकमेकांशी बोलायचे थांबले.

मी चाळीस वर्षं तबला वाजवतोय, चर्चमध्ये पण आणि बाहेर पण. आपण मिरजेत राहतो, इथं बघा ना कसं चालतं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, खाँसाहेब गेले १९३७ ला, आणि अजून गवई येतात नि सेवा म्हणून गातात. मी पोरगा असताना खाली बसून ऐकायचो. तिथं मला काय कळलं तर गाणाऱ्यासमोर ऐकणारा लागतो, आणि ऐकणाऱ्यात चार तरी स्वतः गाणारे-वाजवणारे पायजेत, मग गाणं वाढतं. तुमच्या ग्रुपात शंभर माणसं होती पण ऐकणारं कोण नव्हतं.

म्हणून महिन्याला एकदा बसा. कुणाच्याही घरी, सतरंजी टाकून. प्रत्येकानं एक गाणं आणायचं, अर्धवट असलं तरी चालेल, नव्हे अर्धवटच आणा. एकदा गायचं, मग सगळ्यांनी सांगायचं कुठं शब्द ताणला जातोय, कुठं लय पळतीय. "छान झालं" म्हणायला बंदी घाला!! आमच्याकडं मराठी शब्द इंग्रजी चालीत कोंबायची सवय झालीय, "प्रभू" मधला भू आखूड आणि प्र लांब करून गातात, कानाला टोचतं. आपल्याकडं ओवी आहे, अभंग आहे, साकी-दिंडी आहे, नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते ह्याच मातीतल्या चालींवर. पोरांनी गिटार वाजवावी, माझी ना नाही, पण शब्दाचा तोल सांभाळा.

आणि चर्च कुठलं हे विचारलं तर सांगा गाणाऱ्यांचं आहे.

अजिंक्यतारा_पायथ्याशी

मी साताऱ्याची. हा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितीये, लांबलं तर समजून घ्या.

ताई, तुम्ही "मागं कुठली मिनिस्ट्री नाही" असं लिहिलंय ना, तर आमच्या साताऱ्याचीच गोष्ट आठवली. रेव्हरंड टिळक, नारायण वामन टिळक, यांनी १९१७ ला मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात येऊन "देवाचा दरबार" सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. ज्यांची पदं आपण दर रविवारी गातो ते शेवटची दोन वर्षं असे कुणाच्या पगाराशिवाय राहिले, १९१९ ला गेले. आणि घर कुणी ओढलं ते लक्ष्मीबाईंचं "स्मृतिचित्रे" वाचलं की कळतं. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही आणि त्याची झळ बाईला बसायची. म्हणून मी पैशाचं बोलायला लाजत नाही, तुम्ही पण लाजू नका.

आम्ही सातारा, वाई, कोरेगाव मिळून सातजण तीन वर्षांपूर्वी एकत्र आलो होतो. भिशी करायचो. दर महिन्याला पाचशे, बारा जण पायजे होते पण सातच होते म्हणून साडेतीन हजार जमायचे. नेहमीच्या भिशीसारखी चिठ्ठी नाही काढायची, ज्याचं गाणं रेकॉर्डिंगला तयार त्याचा नंबर, आणि गाणं तयार आहे का नाही हे बाकीच्या सहांनी ऐकून ठरवायचं. या पैशात सातपैकी पाच गाणी झाली!! एक तर माझ्या आईवरचं होतं, ती गेल्यावर लिहिलेलं, ते भिशी नसती तर वहीतच राहिलं असतं.

मोडलं कशावरून तर स्पीकरवरून. सगळ्यांनी वर्गणी काढून एक स्पीकरसेट घेतला, तो एकाच्या घरी राहायचा, त्याच्या घरच्या वाढदिवसाला वाजला, आतला पडदा फाटला, दुरुस्ती कुणी करायची यावर भांडण. त्यात वाईट माणूस कोणीच नव्हता. फक्त आधी बोलून ठेवलं नव्हतं. त्यामुळं माझं म्हणणं, सामाईक वस्तू विकत घेऊच नका. ज्याचा माईक त्याचाच राहू दे, वापरायला द्यायचा, आणि नेताना-आणताना फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. पैसे कुणा एकाच्या यूपीआयवर नको, दोघांच्या सहीचं खातं काढा, आणि दर महिन्याच्या एक तारखेला हिशोब सगळ्यांना, शंभर रुपये असले तरी.

जाण्या-येण्याचा खर्च हा मानधन नाही. तो आधी द्यायचा, कार्यक्रम ठरतानाच. आणि मुली वाजवणार असतील तर रात्री परत कशा जाणार हे बोलावणाऱ्यानं आधी सांगायचं, दहा वाजता स्पीकर बंद झाला तरी आवराआवरीत साडेअकरा होतात आणि मग तासगावला गाडी कुठली? माझ्या भाचीला एका कार्यक्रमानंतर स्टँडवर एकटीला दोन तास बसावं लागलं. बोलावणारे देवाचं गाणं ऐकून घरी जाऊन झोपले होते. हे मी विसरू शकत नाही.

फेडरवर_हात

मी ख्रिस्ती नाही, कुपवाड रोडला छोटा स्टुडिओ आहे, पण नाताळच्या आधी दोन महिने माझ्याकडं निम्मं काम तुमच्याच लोकांचं असतं म्हणून बोलतो. तुमची पोरं वेळेवर येतात, सूर चांगला असतो, आणि कागद एकही नसतो. शब्द कुणाचे विचारलं तर "आमच्या पास्टरांचे असतील", चाल कुणाची तर "सगळ्यांनी मिळून". मग गाणं चाललं की भांडण माझ्याकडं येतं.

प्रत्येक गाण्याला एक पान करा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजवलं, कुणाला किती दिले, पुढं काही आलं तर वाटणी कशी, खाली सह्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सही लागते, तोंडी "घ्या टाका तुमच्या चॅनेलला" म्हणजे हक्क दिला असं होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बऱ्यापैकी राखून ठेवलाय, त्यामुळं कोणी "सगळे हक्क कायमचे" असला कागद पुढं केला तर घरी आणून चार जणांना दाखवा. आणि हक्क दिले तरी गीतकार म्हणून नाव मागायचा अधिकार तुमचाच राहतो.

टिळकांची पदं नवीन चालीत करायची असतील तर शब्द मोकळे आहेत, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो आणि ती कधीच संपली. पण कुणी मागच्या दहा वर्षांत लावलेली चाल उचलू नका, ती त्याची आहे. चर्चच्या उपासनेत गायला कायद्यात सूट आहे, पण तेच ट्रॅक करून यूट्यूबला टाकायचं तर ती वेगळी गोष्ट.

सगळ्यांचं मिळून एक चॅनेल करायचा मोह होईल, कारण जाहिरातीच्या कमाईला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास लागतात, एकट्याला ते जड जातं. तरी माझं ऐकाल तर करू नका. पासवर्ड एकाकडं राहतो. चॅनेल आपापलं ठेवा, वर्णनात सगळ्या वाजवणाऱ्यांची नावं लिहा आणि एकाचं गाणं आलं की बाकीच्यांनी त्याच दिवशी ऐकून पुढं पाठवा.

घरी रेकॉर्ड करणाऱ्यांना एवढंच, भिंतींना गोधड्या लावा, पंखा बंद करा आणि मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा. पेनड्राईव्ह गेला म्हणून रडत आलेले मी पाच जण बघितलेत.

उपासनेचा_सेवक

मी लहान मंडळीचा पाळक आहे, पलूसकडं. वरच्या काही गोष्टींशी सहमत नाही म्हणून प्रेमानं लिहितो. "गाणाऱ्यांचं आहे" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. गाणं लोकांच्या तोंडी बसतं, माझा उपदेश मंगळवारपर्यंत कुणाला आठवत नाही पण गाण्यातली ओळ म्हातारी माणसं मरताना म्हणतात, मी अंथरुणाशी बसून ऐकलेलं आहे. मग त्या ओळीत काय लिहिलंय याची जबाबदारी कुणाची? एखाद्या पाळकाला, ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याला, शब्द दाखवत जा. परवानगी मागायला नको, नुसतं दाखवा.

आणि आमच्याकडून काय हवं ते पण सांगा ना. आमचं सभागृह सोमवार ते शनिवार कुलूप लावून पडलेलं असतं, आत पेटी, तबला, माईक सगळं आहे. मला आजवर एकाही तरुणानं विचारलं नाही, काका बसू का इथं. भाड्याची गोष्टच नाही, लाईटबिलाचं बघू. जाण्या-येण्याच्या खर्चाचं वाचून मात्र मला लाज वाटली, आम्ही पण असंच केलेलं आहे. पुढच्या कापणीच्या सणाला ते पाकीट मी आधी काढून ठेवीन.

पेटीवाली_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं आणि आमच्या तिघांना पण फोनवर वाचून दाखवलं.

पाळकसाहेब, शब्द दाखवायचं मान्य. खरं सांगायचं तर माझ्या एका गाण्यात मला स्वतःलाच एक ओळ खटकत होती आणि विचारायला कोण नव्हतं, ती तुम्हाला पाठवते. सभागृह पण घेऊ, पण दर महिन्याला एकाच चर्चमध्ये नको, नायतर बाकीचे यायचे थांबतील, म्हणून एकदा तुमच्याकडं, एकदा कुणाच्या घरी असं फिरतं ठेवू.

सातारकर ताई, तुमच्या भाचीचं वाचून तासगावच्या पोरीनं सांगितलं की तिच्याबरोबर पण असं झालंय दोनदा, ती कधी बोललीच नव्हती. त्यामुळं पहिला नियम तोच केलाय. परतीची सोय ठरल्याशिवाय आमच्यातलं कोणीच हो म्हणणार नाही, मुलगा असो की मुलगी. भिशी पुढच्या महिन्यापासून, सहाजण झालेत, तिनशेनं सुरू करतोय कारण एकाला पाचशे जड जातायत आणि तो सोडून बाकीच्यांनी करणं मला पटत नाही.

स्टुडिओवाले दादा, तुमच्या सांगण्यावरून पहिलं पान काल भरलं. चाल कुणाची या रकान्यात माझं नाव लिहिताना हात थबकला, कारण अंतऱ्याचा वळसा माईकवाल्या दादानं सुचवलेला होता आणि मी आजवर ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचं नाव घातलं. तो म्हणाला कशाला, पण सही केली.

पहिली बैठक महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाचला, मिरजेत. सगळं जमलंय, फक्त तंबोऱ्याचं जमेना. मोबाईलवरचा लावून गायचं जिवावर येतं, तेही मिरजेत, जिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे ह्याच गावची वस्तू अशी सरकारी ओळख मिळाली. कुणाकडं एका संध्याकाळपुरता मिळेल का?

मिरजेचा_ठेका

माझ्याकडं दोन आहेत. बायकी सुराचा आणतो, त्याची एक तार गेलीय ती शुक्रवारी वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत बसवून घेतो. पट्टी कुठली तुमची, काळी चार की पाच?