कोल्हापूरचं सर्किट बेंच नक्की कुणाला जवळ पडलं?

पंचगंगाकाठ : १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे न्यायमूर्ती इथं येऊन बसतात ते कोर्ट, चालतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडलेत. तरी 'ऑनलाइनच्या जमान्यात बेंच कशाला' हे पालुपद सुरूच. आमच्या चुलत्यांचं बांधाचं सेकंड अपील, म्हणजे खालच्या दोन कोर्टांनंतरचं, मुंबईत होतं. रात्री महालक्ष्मी पकडायची, सीएसएमटीवर तोंड धुवायचं, दिवसभर बाकड्यावर बसायचं. संध्याकाळी वकील येऊन सांगणार, "काका, बोर्डावर होतं, पण नंबर लागला नाही." की परत महालक्ष्मी. आणि बांध केवढा, तर सव्वा हात!

दापोलीचा आंबा : काकांचं दुःख कळतं हो. पण आम्ही खेडला गाडीत बसलो की थेट मुंबई. कोल्हापूरला जायचं तर चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड; तेही पावसात घाट सुरू असला तर. तुमचा हेलपाटा वाचला, तो आमच्या गळ्यात आला.

शेंगाचटणी : सोलापूरचंही तेच. सिद्धेश्वरनं रात्री झोपून सकाळी मुंबई.

पंचगंगाकाठ : आणि मुंबईच्या वकिलाची फी, लॉजचं भाडं? ते झोपेत धरलं नाही वाटतं.

काळा कोट : मुळात हे खैरात म्हणून मिळालेलं नाही. राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३) : राज्यपालांच्या मान्यतेनं मुख्य न्यायमूर्ती न्यायमूर्तींना राज्यात दुसरीकडेही बसवू शकतात. औरंगाबाद १९८१ ला असंच सुरू झालं, वाद सुप्रीम कोर्टात गेला, तिथंही टिकलं. १९८४ ला कायम खंडपीठ झालं.

तारीख पे तारीख : कायद्यात बसतं, मान्य. पण न्यायमूर्ती आणणार कुठून? मुंबई हायकोर्टाच्या मंजूर जागा ९४. त्यातल्याच मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूरला वाटायच्या. भाकरी तेवढीच, तुकडे वाढले. काकांचा नंबर उद्या कोल्हापुरातही लागला नाही तर?

पंचगंगाकाठ : तर काका दुपारच्या एसटीनं घरी जातील, धार काढायच्या वेळेला. हा फरक तुम्हाला छोटा वाटतो, कारण तुमच्या दारात म्हैस नाही. दापोलीकरांचं मात्र खरं आहे. जिल्हा अख्खा जोडण्यापेक्षा उत्तरेकडच्या तालुक्यांना मुंबईचा पर्याय ठेवायला हवा होता.

दापोलीचा आंबा : हे तुम्ही म्हणालात, बरं वाटलं. आता तुमच्या वकील मंडळींकडून ठराव करून घ्या. चाळीस वर्षं भांडून बेंच आणलंत, एवढं काय जड आहे?