बंदराची खोली आणि आपली द्राक्षं: वाढवण हवंच का?

निफाडचा बागायतदार
काल पिंपळगावच्या पॅकहाउसवर एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर आहे ना, मग डहाणूजवळ वाढवणला नवं बंदर कशाला? मी म्हटलं, खोल पाण्यासाठी. वीस फुटी २४ हजार कंटेनर वाहणारं जहाज पूर्ण भरलं की १६ मीटरच्याही खाली बसतं. न्हावा शेवाचा मार्ग खणून १५ मीटर ड्राफ्टपर्यंत (जहाज पाण्यात जेवढं खोल बसतं तेवढा) नेलाय. वाढवणला निसर्गतःच सुमारे २० मीटर पाणी आहे. नदीवरच्या बंदरांची दमछाक बघा. जर्मनीचं हॅम्बुर्ग एल्ब नदीत शंभरेक किलोमीटर आत. मोठी जहाजं भरती गाठूनच आत शिरतात. कोर्टकचेऱ्यांत वर्षं घालवून नदी खोल केली, जानेवारी २०२२ मध्ये वाढीव खोली खुली झाली, आणि वर्ष संपायच्या आत गाळापायी ती पुन्हा घटवावी लागली! हुगळीतला गाळ वाहून जावा म्हणून गंगेवर फरक्का धरण बांधलं, १९७५ मध्ये सुरूही झालं, तरी कोलकात्याला मोठं जहाज जात नाही.

गोदाकाठ
दादा, बेल्जियमचं अँटवर्प विसरलात. शेल्ड्ट नदीत, समुद्रापासून ८० किलोमीटर आत, तरी युरोपात रॉटरडॅमच्या खालोखाल मोठं बंदर तेच. उलट जर्मनीतच विल्हेल्म्सहाफेनच्या बंदराला १८ मीटर पाणी, २०१२ मध्ये सुरू झालं, पण माल हॅम्बुर्ग सोडेना. का? हॅम्बुर्गला रेल्वे आहे, गोदामं आहेत, पिढ्यानपिढ्यांचे व्यापारी आहेत. नुसत्या खोल पाण्याने माल येत नाही.

निफाडचा बागायतदार
मग कोलंबोला आपला माल का जातो? मोठी जहाजं तिथे थांबतात म्हणून. छोट्या जहाजाने तिथवर न्यायचा, पुन्हा चढवायचा, हा खर्च शेवटी आपल्याच भावातून कापला जातो.

रीफरवाली ताई
मी फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे निर्यातीचा माल जहाजापर्यंत पोचवण्याच्या कामात आहे. युरोपची द्राक्षं तर आजही न्हावा शेवाहूनच चढतात, त्यांना खोली अडवत नाही. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमचा एक रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) बंदराबाहेरच्या रांगेत अकरा तास उभा होता. जनरेटर मध्येच बंद पडला. युरोपात पेट्या उघडल्या तेव्हा मणी टणक, पण देठ तपकिरी. सगळ्या मालाचा भाव पडला. जहाज मोठं झालं की एका दिवसात हजारो कंटेनर उतरतात-चढतात, गेटवरची गर्दी अजून वाढते. रीफरला वीज देणारे प्लग पॉइंट आणि रस्ता त्या मानाने वाढतोय का, ते आधी विचारा.

डहाणूची लेक, नाशिकची सून
माझ्या माहेरची माणसं त्याच पाण्यात जाळी टाकतात. तुमच्यासाठी ते २० मीटर म्हणजे ड्राफ्ट, त्यांच्यासाठी घोळ आणि पापलेट. ७६ हजार कोटींच्या कामात त्यांच्या वाट्याला काय, हे या धाग्यावर अजून एकानेही विचारलं नाही.

निफाडचा बागायतदार
वहिनी, हे माझ्याकडून राहिलं. त्यांची भरपाई आधी, हे मला मान्य. बंदर हवं या मतावर मात्र मी ठाम आहे. ताई, समृद्धी महामार्गापासून वाढवणपर्यंतच्या रस्त्याला २०२५ मध्ये मंजुरी मिळालीय. रीफरच्या प्लगचं तुम्ही म्हणता ते बागायतदार संघाच्या बैठकीत मांडतो. त्या अकरा तासांचे कागद असतील तर द्या.