डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी बागकाम लिहून दिलं तर?

लेस्टरकर:
इंग्लंडमध्ये आता जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, जोडीला लिंक वर्कर असतो. एकटेपणा, कर्ज, घरातली ओल, नवरा गेल्यावरचं रिकामपण... दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये डॉक्टर यावर काय करणार? मग ते पेशंटला या माणसाकडे पाठवतात. तो निवांत ऐकून घेतो आणि बागकामाचा गट, चालणाऱ्यांचा गट, कर्जसल्ला केंद्र अशा ठिकाणी गाठ घालून देतो. २०१९च्या आराखड्यात एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २०२३-२४पर्यंत नऊ लाख लोकांना असं पाठवायचं ठरवलं होतं. मला तरी हे एनएचएसचं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात शहाणं काम वाटतं.

तिरकस:
पुरावा? २०१७मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात अशा योजनांच्या १५ मूल्यमापनांचा आढावा आला होता. बहुतेक अभ्यास छोटे, तुलनेला दुसरा गट नाही. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा सगळ्यात वाईट काळात असतो. चार-सहा महिन्यांनी अनेकांना तसंही बरं वाटतं. श्रेय बागकामाला!

लेस्टरकर:
सॉमरसेटमधलं फ्रोम बघा. २०१३पासून डॉ. हेलन किंग्स्टन यांच्या दवाखान्याने हे गावभर केलं. तातडीने हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण तिथे घटलं, बाकी सॉमरसेटमध्ये वाढलं.

तिरकस:
एक गाव. तेही उत्साही.

मेधा_लंडन:
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. मी ज्येष्ठांच्या जेवणाच्या गटात स्वयंसेवक आहे. लिंक वर्करचा पगार एनएचएस देते, पण तो ज्यांना आमच्याकडे पाठवतो त्यांच्यासाठी आम्हाला एक पौंडही मिळत नाही. हॉलचं भाडं कोण भरणार? २०१०नंतर कौन्सिलांचा, म्हणजे इथल्या पालिकांचा, निधी कापला, वाचनालयं आणि डे सेंटरं बंद झाली, आणि आता म्हणे 'समाजाकडे पाठवा'. कुठल्या समाजाकडे? शिवाय आपल्या एखाद्या आजींना इंग्रजी येत नसेल, तर विणकामाच्या गटात त्या तासभर नुसत्या हसत बसतात.

पुणेरी_पेन्शनर:
आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब आहेत. डॉक्टर फक्त तिकडे पाठवत नाहीत.

तिरकस:
मेधाताई, भाड्याचा मुद्दा बिनतोड. पण मग पैसे मागताना पुरावाही लागेलच ना?

मेधा_लंडन:
वाचनालय बंद करताना कुणी मागितला होता?

लेस्टरकर:
आजींसाठी एक करता येईल. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे. आपल्या भागातल्या लिंक वर्करच्या यादीत त्याचं नाव आहे का, ते विचारा. नसेल तर घालायला लावा.