'डेटा रिटेन्शन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
पीएचडीसाठी ऊसतोड करणाऱ्या बायांच्या मुलाखती घेतल्या आहेत. डेटा कसा सांभाळणार, किती वर्षं ठेवणार, याचा आराखडा मार्गदर्शकांनी मराठीत मागितला आहे. हाती आलेल्या नमुन्यात 'विदा धारणा' असं छापलंय. मला ते खटकतंय. 'जतन' चालेल का?

प्रतिसाद १
ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. धारणा म्हटलं की आधी समजूत आठवते. जमीनधारणेत 'बाळगणे' हा अर्थ आहे, पण त्यात मुदत नाही, आणि तुम्हाला तर मुदतच सांगायची आहे. नुसतं 'जतन' म्हणाल तर ते कायमचं वाटतं. आजीची नथ आपण जतन करतो, ती कधी टाकत नाही.

मी विद्यापीठाच्या अभिलेख कक्षात नोकरी केली. तिथे शब्द तयारच आहे: 'जतन कालावधी'. कागदांचे वर्ग पाडलेले असतात: अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षं, ड वर्ग वर्षभर. मुदत भरली की निंदणीकरण, मग नाशन.

यातला निंदणी हा शब्द माझा फार लाडका. आमच्या विदर्भात निंदण म्हणतात, कोल्हापूरकडे भांगलण. तण उपटायचं, पिकाला धक्का लावायचा नाही. दफ्तरातही तेच. गठ्ठा सोडायचा, एकेक नस्ती (फाइल) उलगडून वर्ग बघायचा, जायचे कागद वेगळे काढायचे, नोंदवहीत चढवायचे, साहेबांची सही घ्यायची. सहीआधी एक कपटाही फाडायचा नाही.

प्रतिसाद २
काकांचा निंदणी शब्द मुलाखतींना चपखल बसतो. ध्वनिफिती, लिखित उतारे, संमतीपत्रं आणि खरी नावं-फोन नंबर असलेली यादी, प्रत्येकाची मुदत वेगळी लिहा. बायांना संमतीपत्रात जे सांगितलंत, त्याच्या पलीकडे जाऊ नका. वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत नैतिकता समितीला अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं कागदपत्रं ठेवायला सांगितलंय. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर प्रबंध चढतो, मुलाखती नाही. माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या सगळ्या ध्वनिफिती एकाच हार्ड डिस्कवर होत्या. ती बंद पडली आणि त्यातल्या दोन आज्या आता हयात नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती
काका, तुमचे दोन्ही शब्द घेतले. आराखड्यात लिहिलंय: 'नावांच्या यादीचा जतन कालावधी प्रबंध मान्य होईपर्यंत. त्यानंतर निंदणी करून, मार्गदर्शकांच्या सहीने नाशन. नावं वगळलेले उतारे कायम.' ध्वनिफितींचा रकाना मोकळा ठेवलाय. बायांना पुन्हा विचारून मगच भरेन.