टायर काळेभोर दिसावेत, पण रबर खराब होऊ नये. काय लावावं?

धायरीची_मुक्ता

नमस्कार मंडळी,

बाबांची हॅचबॅक आता मी चालवते, धायरी ते बाणेर. गाडी सोसायटीत उघड्यावर असते, दुपारभर पश्चिमेचं ऊन खाते. टायरच्या बाजू तपकिरी पडल्यात आणि तो रंग नुसत्या पाण्याने जात नाही.

वॉशिंग सेंटरवाला दर वेळी शेवटी एका कळकट बाटलीतून काहीतरी फवारतो. "फ्री आहे मॅडम." टायर पाकातून काढल्यासारखे चकाकतात. दुसऱ्या दिवशी दारांच्या खालच्या कडेला काळे शिंतोडे, आणि आठवड्यात टायर आधीपेक्षा जास्त तपकिरी. वास चक्क डिझेलचा येतो.

आई म्हणते ग्लिसरीन लाव. शेजारचे काका म्हणतात खोबरेल. ऑफिसातला मित्र बूटपॉलिशवर ठाम आहे. दसऱ्याला पूजेआधी गाडी जरा नीट दिसावी एवढीच इच्छा. टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, त्यामुळे एवढ्यात बदलायचे नाहीत.

पेठेतला_पेन्शनर

सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत टायर पुन्हा खाकी होणार. हवा तपासा आणि दारावर तोरण लावा. टायरकडे बघायला पाहुणे येत नाहीत.

रबरवाले_काका

पेन्शनरसाहेब, हवेचं बरोबर बोललात. हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जास्त दुमडते आणि भेगा लवकर पडतात. बाकीचं सोडून देऊ.

मुक्ताताई, माझी नोकरी भोसरीत रबराच्या मिक्सिंग खात्यात झाली, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी तो तपकिरी रंग. सगळा मळ नाही तो. रबर मुळात काळं नसतंच, केरळातून येणाऱ्या शीट पिवळट-तपकिरी असतात. काळा रंग कार्बन ब्लॅकचा, म्हणजे काजळीचा. ती शोभेसाठी घालत नाहीत. तिच्यामुळे रबर झिजेला चिवट होतं आणि उन्हातले अतिनील किरण वरच्या वर अडतात. (मिक्सिंगवाल्याच्या नखांतून ती काजळी रविवारीसुद्धा निघत नाही, हे घरच्यांना विचारा.) पण हवेतल्या ओझोनपुढे काजळीचं काही चालत नाही. त्यासाठी कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, मेण आणि अँटिओझोनंट (ओझोन अडवणारं रसायन) घालतात. ही दोन्ही हळूहळू पृष्ठभागावर येत राहावीत अशीच योजना असते. ओझोन रबराच्या आधी त्या रसायनाला खातो आणि खाल्लं गेलेलं रसायन तपकिरी दिसतं. तेव्हा घाबरू नका, औषध लागू पडतंय.

आता डिझेल. घरी करून बघा: एकसारखी दोन रबरबँड घ्या, एक झाकणभर डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, दुसरं कोरडं. सकाळी शेजारी शेजारी ठेवा. भिजलेलं फुगून जाड झालेलं असेल, आणि जरा ताणलंत तर पटकन तुटेल. साइडवॉलमध्ये नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन हे कृत्रिम रबर असतं, दोघांचंही खनिज तेलाशी पटत नाही. एका फवाऱ्याने टायर फुटणार नाही. पण डिझेल वर आलेलं मेण आणि औषध विरघळवतं, मग आतला साठा पुन्हा वर येतो आणि पुन्हा तपकिरी पडतो. तुमचं "आठवड्यात जास्त तपकिरी" बहुधा त्यातलंच. साठा काही अक्षय्य नाही. तो आटला की साइडवॉलवर, विशेषतः अक्षरांच्या कडेने, केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागतात.

रॉकेल, पेट्रोल, जुनं इंजिन ऑइल, सगळे एकाच माळेचे मणी. बूटपॉलिशमध्येही टर्पेंटाइनसारखं द्रावण असतं, ते बुटालाच राहू द्या. खोबरेल डिझेलइतकं वाईट नाही, पण चिकट. धूळ धरून बसेल आणि डिसेंबरात पहाटे साइडवॉलवर पांढरं थिजेल.

आईंचं मात्र बरोबर आहे. ग्लिसरीन रबरात शिरत नाही, पाण्यात विरघळतं. औषधाच्या दुकानात मिळतं. एक भाग ग्लिसरीन, दोन-तीन भाग पाणी, स्पंजने पातळ हात. पहिल्या सरीला वाहून जाईल, हा दोष. दसऱ्याच्या पूजेपुरतं उत्तम.

जास्त टिकाऊ हवं तर वॉटर-बेस्ड ड्रेसिंग, म्हणजे टायरला लावायचं पाण्यातलं पॉलिश, घ्या. ते दुधाळ, पातळ असतं: सिलिकॉन तेलाचं पाण्यातलं इमल्शन. सिलिकॉनचं नाव ऐकून बिचकू नका, ते रबराला खात नाही. काही मालात ते पेट्रोलियम द्रावणात कालवलेलं असतं, भानगड त्या द्रावणाची. बाटलीवर ज्वलनशील लिहिलेलं असेल, उघडल्यावर रॉकेलची आठवण येत असेल, तर दुकानातच ठेवा.

आणि लावण्याआधी घासा. खरं काम तेच आहे. टायर ओला करून कार शॅम्पू टाका, ताठ ब्रशने साइडवॉल घासा. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघेल. धुवा, परत घासा. फेस पांढरा निघायला लागला की थांबा आणि टायर पूर्ण वाळू द्या. मग कदाचित वर काही लावावंसं वाटणारच नाही. टायरच्या दुकानात नवा टायर नीट बघा, तो काळा असतो पण मंद. चकाकतो तो वरचा थर.

बावधन_डिटेलर

काकांना अनुमोदन. माझा धंदाच हा आहे म्हणून थोडी भर.

दारावरचे शिंतोडे म्हणजे जास्तीचा माल. गाडी पळाली की टायर तो भिरकावतो. ड्रेसिंग टायरवर थेट फवारू नका, स्पंजवर घेऊन लावा. दहा-पंधरा मिनिटांनी जुन्या बनियनने पुसून घ्या, बोटाला काही लागायला नको, मगच गाडी हलवा. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर आणि ब्रेकच्या डिस्कवर थेंबही नको.

टायरचा ब्रश बॉडीच्या बादलीत बुडवू नका. त्यातली वाळू मग पेंटवर ओरखडे काढते. आणि सेंटरवाल्याला गाडी आत घालतानाच सांगा, "टायरला काही मारू नको." नंतर सांगून उपयोग नसतो, तोवर फवारलेलं असतं.

धायरीची_मुक्ता

काका, दादा, मनापासून आभार! रबरबँडचा प्रयोग केला. आई ते फुगलेलं रबर बघून सेंटरवाल्याला फोन लावायला निघाली होती.

दोन शंका. माझ्या अॅक्टिवाच्या टायरलाही हेच लावू का? आणि कारच्या टायरवर शेवटी 2319 असा आकडा आहे, तो कसला?

रबरवाले_काका

दुचाकीला अजिबात नाही. वळताना ती कलते आणि टायरचा कडेचा भाग रस्त्यावर येतो. तिथे सिलिकॉन असेल तर नवले पुलाच्या वळणावर काय होईल ते लिहीत नाही. नुसती धुवा.

2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, त्या जूनमध्ये तुमचा टायर बनला. नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर तरुण आहे असं नाही. उन्हात उभी राहणारी, कमी चालणारी गाडी असेल तर नक्षी तशीच राहते आणि रबर कडक होतं. चालताना टायर दबतो-सुटतो, त्याने मेण वर येत राहतं, उभ्या गाडीला ते सुख नाही. पाच वर्षांपुढे दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी कसाही दिसला तरी काढावा, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. घासताना फेस पुसला की अक्षरांच्या कडा टॉर्च लावून बघा. नख अडकेल इतकी भेग दिसली तर ड्रेसिंगचे पैसे वाचवा आणि टायरवाल्याकडे जा.

पूर्ण कोड कधी कधी एकाच बाजूला असतो, आतल्या. नाही सापडला तर गाडीखाली वाकून बघा. आणि डिकीतल्या स्टेपनीचाही बघा, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्षच नसतं.