एका नळावर चार घरं, मीटरचं बिल कसं भागवायचं?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या गल्लीत नवीन पाईप टाकून घरोघरी मीटर बसवूलेत, आमच्यात पण बसवून गेले. आतापर्यंत पाणीपट्टी ठरलेली होती, आता युनिटवर बिल. आमचं घर जुनं, पुढं आम्ही, मागं तीन भाडेकरू, आणि नळ सगळ्यांत मिळून एकच. बाबा म्हणूलेत पाण्याचे कसले माप घालूलेत, मीटर काढून टाका. बिल किती वाढेल आणि भाडेकरूंकडनं कसं घ्यायचं? आणि पाणी यायच्या आधी नुसती हवा येते तेव्हा पण काटा गरगर फिरतोय, त्याचे पैसे आम्ही का द्यायचे?

वडगावचा_राजू:
मीटर काढू नका, दंडाचं लचांड मागं लागेल. आपल्या गावात काही वॉर्डांत, शिवाय हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यात जागतिक बँकेच्या कर्जातनं 24 तास पाणी आलं तेव्हापासनंच तिथं मीटर आहेत. 1 युनिट म्हणजे 1000 लिटर. दर टप्प्यांचा असतो, वापर वाढला की पुढच्या युनिटांना जास्त दर. तुमचा खरा घोळ इथंच आहे बघा. माणशी रोज 135 लिटर हे सरकारी माप धरलं तर पाच माणसांच्या घराला महिन्याला 20 युनिट लागतात, चार घरांचे झाले 80, आणि ते सगळे एकाच मीटरवर मोजले म्हणजे कुणी थेंब वाया घालवला नाही तरी तुम्ही वरच्या दरात जाणार. हा अन्याय आहे आणि गल्लीतल्या जुन्या घरांवरच पडतो. प्रत्येक घराला वेगळं कनेक्शन मागा, तोवर मागच्या घरांना आतनं छोटे मीटर लावून घ्या, म्हणजे भांडण नको.

अनगोळची_ताई:
आधी गळती बघा हो. रात्री सगळे नळ बंद करून मीटरवरचं बारकं चक्र बघायचं, फिरत असेल तर पाणी कुठंतरी जातंय. आमच्या शेजारी बिल अवाच्या सवा आलेलं, संपचा, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा) बिघडून पाणी गुपचूप गटारात जात होतं. काळे आकडे युनिटचे, लाल आकडे त्याच्या आतले लिटर. महिन्याच्या महिन्याला फोटो काढून ठेवा, बिल कन्नडमध्ये असलं तरी आकडे जुळवता येतात.

टिळकवाडी_77:
हवेचं तुमचं बरोबर आहे. पाणी थांबून थांबून येतं तिथं रिकाम्या पाईपात हवा भरते आणि पाणी सोडल्यावर ती आधी मीटरमधनं जाते. 24 तास दाब राहिला तर हा प्रश्नच येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, पाणी आठवड्यातनं एकदा देऊन मीटरनं पैसे घेऊ नयेत, आधी पुरवठा नीट करा. पण मीटरच नको हे पण पटत नाही. उन्हाळ्यात राकसकोप धरण तळाला गेलं की आपण हिडकल धरणाच्या पाण्यावर, आणि तेव्हा पण काही जण नळाला थेट मोटर जोडून ओढतात, शेवटच्या घरातल्या बायका घागर घेऊन बसून राहतात. निदान ओढलेलं पाणी मोजलं तरी जाईल.

शहापूरकर:
थँक्यू सगळ्यांना. रात्री चक्र बघतो. घरपट्टी बाबांच्या नावावर आहे, मागच्या तिघांना वेगळं कनेक्शन मिळायला कागद कुठले लागतात ते कुणी नुकतंच केलं असेल तर सांगा की.